माझा मुलगा अविवाहित आहे, हे लिहून देणार कोण?

प्रति,
मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, पुणे,
मा. जिल्हाधिकारी, कोकणातील सर्व किनारी जिल्हे,
आणि कोकणातून निवडून गेलेले सर्व आमदार-खासदार यांस

विषय: परदेशात लग्न करणाऱ्यांना लागणारा अविवाहित असल्याचा दाखला ठरावीक मुदतीत मिळण्याबाबत

महोदय,

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली मुख्याध्यापिका. दक्षिण कोकणात, समुद्राला लागून असलेल्या एका गावात राहते. नोकरीच्या ३४ वर्षांत शाळा सोडल्याचे किती दाखले लिहिले त्याची मोजदाद नाही, पण एक शिस्त हाताला लागली ती कायमची. दाखला लिहायचा तर आधी कपाटातून जनरल रजिस्टर काढायचं, नोंदीवर बोट ठेवायचं, आणि बोट न हलवता ती दाखल्यावर उतरवायची. रजिस्टरात आहे तेच लिहायचं. आणि दारात उभ्या असलेल्या पालकाला उद्या या म्हणायचं नाही, कारण त्याची एक दिवसाची मजुरी बुडते.

गेल्या वर्षी मला स्वतःला एक दाखला हवा होता. माझ्या मुलाचं लग्न झालेलं नाही, एवढंच त्यावर लिहायचं होतं. ३ फेब्रुवारीला अर्ज दिला, ११ जुलैला दाखला हातात पडला. त्या वेळी मी गप्प बसले. पण या महिन्यात आमच्या वाडीतल्या आणखी एका मुलाला एका ओळीचं लेखी उत्तर आलं आहे: "सदर दाखला या कार्यालयामार्फत देण्यात येत नाही." तो कागद घेऊन तो मुलगा माझ्याकडे आला, कारण बाईंनी हे सगळं केलंय असं गावात माहीत आहे. त्याला काय सांगायचं ते मला सुचलं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मी कुठल्याही कार्यालयाचं किंवा माणसाचं नाव या पत्रात घेणार नाही. बहुतेक माणसं माझ्याशी नीट वागली. दोष माणसांपेक्षा व्यवस्थेत आहे आणि ती व्यवस्था बदलणं तुमच्या हातात आहे.

माझा मुलगा क्रूझ बोटीवर किचनमध्ये आहे. आठ-नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग दोन-अडीच महिने घरी, मग पुन्हा बोट. कोकणातल्या किनाऱ्यावर अशी घरं किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. कोणी क्रूझवर, कोणी मालवाहू जहाजावर, कोणी आखातात. बोटीवर त्याची ओळख फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या एका मुलीशी झाली. चार वर्षं एकमेकांना ओळखून, दोन्ही घरांना सांगून, त्यांनी लग्न ठरवलं. तिचे आईवडील वयस्क, आजी अंथरुणाला खिळलेली, म्हणून लग्न तिकडे करायचं ठरलं. आमची हरकत नव्हती. तिच्या घरचे फोटो बघितले तर परसात माड, चुलीवर मासे आणि ताटात भात. ह्यांनी तर वयाच्या ७१ व्या वर्षी पहिल्यांदा पासपोर्ट काढला, त्या लग्नाला जायचं म्हणून.

फिलिपिन्सचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९८७ च्या त्यांच्या कुटुंब संहितेत २१ वं कलम आहे: परदेशी माणसाला तिथे लग्नाचा परवाना हवा असेल तर त्याने आपल्या देशाच्या वकिलातीकडून विवाहास पात्र असल्याचं प्रमाणपत्र आणायचं. मग स्थानिक निबंधकाकडे अर्ज, सलग दहा दिवस नोटीस फलकावर, मग परवाना, आणि तो परवाना १२० दिवस चालतो. तिथे सर्वसाधारण नागरिकांना घटस्फोटाची सोय नाही. लग्न लागलं की लागलं. म्हणून लग्नाआधी ते सगळं नीट तपासून घेतात, आणि त्यांनी तपासावं असंच मला वाटतं. मुलीची आई मी असते तर मीही हेच मागितलं असतं.

वकिलात ते प्रमाणपत्र हवेतून देत नाही. मुलगा अविवाहित आहे असं त्याच्या गावच्या सक्षम अधिकाऱ्याने लिहून द्या, त्यावर अपॉस्टिल, म्हणजे आमच्या अधिकाऱ्याची सही खरी आहे असं दुसऱ्या देशाला सांगणारा शिक्का, करून आणा, असं त्याला सांगण्यात आलं. "सक्षम अधिकारी" हे दोन शब्द. ते कोण, हे शोधण्यात आमचे पाच महिने गेले.

ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक भला माणूस, माझाच विद्यार्थी. तो म्हणाला, बाई, असे दाखले आता आम्ही देत नाही, त्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालतं. आपलं राज्य नागरिकाच्या शब्दावर विश्वास ठेवायला लागलं हे चांगलंच झालं, पण परदेशातला निबंधक माझ्या मुलाच्या शब्दावर कसा विश्वास ठेवणार? तिथून तहसील. तिथे सांगितलं, सेतूत जा. सेतूत उत्पन्न, अधिवास, ज्येष्ठ नागरिक, ऐपत असे सगळे दाखले आहेत, हा मात्र त्यांच्या संगणकावर निघेना. प्रांत कार्यालयात सांगितलं, हा विषय विवाह नोंदणीचा. नोंदणी कार्यालयात सांगितलं, आम्ही लागलेल्या लग्नांची नोंद करतो, न लागलेल्यांची कशी करणार? तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी, तिथून पुन्हा तहसीलला. शिपाई मला ओळखायला लागला. लांबूनच हात करायचा, "बाई, सायेब आज काय येवचे नाय." मी वहीत फेऱ्या लिहून ठेवल्या आहेत. चौदा झाल्या. एसटीची तिकिटं वहीतच चिकटवली आहेत, कोणाला बघायची असतील तर दाखवीन.

शेवटी एका नायब तहसीलदारांनी मनावर घेतलं. मुलाचं प्रतिज्ञापत्र, तलाठ्यांचा अहवाल, पोलीस पाटलांचा जबाब, दोन शेजाऱ्यांच्या सह्या, एवढं घेऊन त्यांनी दाखला तयार केला. मी आभार मानून घरी आले आणि चष्मा लावून वाचला. लिहिलं होतं: "अर्जदाराच्या सांगण्यावरून सदर इसम अविवाहित असल्याचे दिसून येते." मराठी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. या वाक्यात कोणीच काही सांगत नाही. अर्जदार सांगतो, आणि कार्यालयाला तसं दिसतं. भाषांतर करून पाठवल्यावर तिकडून तेच उत्तर आलं: हे अर्जदाराचं म्हणणं आहे, तुमच्या कार्यालयाचं म्हणणं काय? मग पुन्हा फेऱ्या, पुन्हा मसुदा. ११ जुलैच्या दाखल्यात वाक्य बदललं. तोपर्यंत मुलाची सुट्टी संपून तो ६ जूनला बोटीवर चढला होता.

तो पुन्हा घरी आला तो या फेब्रुवारीत. जुलैचा दाखला सहा महिन्यांपेक्षा जुना झालेला, म्हणून तिकडे चालेना. नवा काढावा लागला. आता हे नीट वाचा, महोदय: दुसऱ्या वेळी तोच दाखला त्याच कार्यालयातून २१ दिवसांत मिळाला. कायदा तोच, माणसं तीच. फरक एवढाच की या वेळी माझ्या हातात पहिल्या दाखल्याची झेरॉक्स होती, आणि त्यांना नमुना मिळाला होता.

लग्न मार्चमध्ये झालं. मधल्या श्रावणात ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. आम्ही दोघांनी लग्न पडवीत बसून मोबाइलवर बघितलं. तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवला होता. सह्या करताना मुलाने कॅमेऱ्याकडे बघितलं तेव्हा ह्यांनी डावा हात वर केला. ह्यांच्या पासपोर्टवर एकही शिक्का नाही.

माझ्या सुनेलाही तिच्या देशात हाच प्रश्न विचारला होता, की तुझं आधी लग्न झालेलं नाही कशावरून. तिने मोबाइलवर अर्ज केला, फी भरली, आणि आठव्या दिवशी तिच्या घरी पाकीट आलं. फिलिपिन्स स्टॅटिस्टिक्स ऑथॉरिटी हे तिथलं सरकारी खातं "सेनोमार" नावाचा कागद देतं. लग्नाची नोंद नसल्याचं प्रमाणपत्र, असा त्याचा अर्थ. देशभरच्या लग्नाच्या नोंदी एका जागी जमा होतात. या नावाने, या जन्मतारखेने, या आईबापांच्या नावाने शोधलं, नोंद सापडली नाही, एवढंच तो कागद म्हणतो. ही मुलगी अविवाहित आहे अशी हमी तो देत नाही, देऊही शकत नाही. रजिस्टरावर बोट ठेवून लिहिलेला दाखला आहे तो. ७,६४१ बेटांच्या देशाला हे जमतं.

मला वाटतं, आपल्याकडे सगळं घोडं इथेच अडतं. आपण अधिकाऱ्याला विचारतो, हा माणूस अविवाहित आहे असं तुम्ही लिहून द्या. कोणता अधिकारी ते छातीठोकपणे लिहील? त्याला कसं कळणार? म्हणून तो टाळतो, किंवा "दिसून येते" लिहितो. त्याला खरं तर विचारायला हवं, की तुमच्या नोंदवहीत याच्या लग्नाची नोंद आहे का? त्याचं उत्तर आहे किंवा नाही असं सरळ देता येतं. मात्र त्यासाठी नोंदवही एक हवी. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार गावातल्या लग्नांची नोंद ग्रामपंचायतीत, शहरातल्या लग्नांची नगरपरिषदेत किंवा महापालिकेत, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालची लग्नं विवाह अधिकाऱ्याकडे. या सगळ्यांत एकत्र शोध घेण्याची सोय आमच्याकडे नाही, असं मला तीन कार्यालयांत सांगण्यात आलं. सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं १४ फेब्रुवारी २००६ रोजी सांगितलं, त्याला किती वर्षं झाली ते मोजा. तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासून लग्नाची नोंद सक्तीची आहे. तिथे लोक देवळात किंवा चर्चमध्ये लग्न लावतात आणि निबंधकाकडेही जातात, त्याचं कोणाला काही वाटत नाही.

माझी दुसरी तक्रार माझ्या स्वतःच्या नावाची आहे.

तिकडच्या परवान्याच्या अर्जात आईबापांची पूर्ण नावं लिहावी लागतात, आणि आईचं नाव तिचं माहेरचं. आमच्या पिढीत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलत. तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, की शाळेच्या दाखल्यावरची ती मुलगी संपली. मुलाच्या जन्मनोंदीत माझं सासरचं नाव आहे, माझ्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. खिडकीवर मला सांगितलं, या दोन वेगळ्या बाया आहेत. मी त्या खिडकीसमोर उभी होते. मग पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं, की ती मुलगी आणि ही बाई मीच. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर आईचं नाव लावणं राज्याने बंधनकारक केलं, तो निर्णय वाचून मला फार समाधान वाटलं होतं. पण त्याआधी जन्मलेल्यांच्या आयांचं काय? विवाह नोंदीत वधूचं लग्नाआधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही नावं शेजारी शेजारी असतील, तर पुढे तिच्या मुलाला, नातवाला हा त्रास होणार नाही.

तिसरी गोष्ट लिहिताना जड जातं, पण लिहिते. एका टेबलावर मला विचारलं, "आपल्यात मुली नव्हत्या काय?" दुसऱ्या ठिकाणी, "धर्म बदलणार का तो?" तिसऱ्या ठिकाणी मुलीचा फोटो मागितला, आणि तो दाखल्यासाठी लागत नव्हता. कायदा लग्नाआधी काय विचारतो ते मी आता पाठ केलं आहे. मुलगा २१ चा, मुलगी १८ ची, दोघांचाही जोडीदार हयात नाही, दोघं निषिद्ध नात्यातले नाहीत, संमती देण्याइतकी समज दोघांना आहे. याच्या पलीकडचा एकही प्रश्न खिडकीवर बसलेल्या माणसाच्या अधिकारात येत नाही. मी शाळेत ३४ वर्षं काढलेली बाई आहे, मी उत्तर देऊन मोकळी झाले. माझ्या जागी विशीतली एकटी मुलगी असती तर ती पुन्हा त्या दारात गेली नसती.

चौथी तक्रार अंतराची. दाखला हातात आला तरी काम अर्धंच झालेलं असतं. त्यावर राज्य शासनाच्या नेमलेल्या अधिकाऱ्याची सही मुंबईला, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. हा शिक्का एकमेकांचा मानायचा असा देशादेशांतला एक करार आहे. तो भारताला १४ जुलै २००५ पासून लागू आहे. परराष्ट्र मंत्रालय २०१२ पासून कागद थेट नागरिकाकडून घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फतच द्यावे लागतात. अपॉस्टिलची सरकारी फी ५० रुपये. मला एका एजंटाने नऊ हजार सांगितले. मी नाही म्हटलं, रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसने दादरला गेले, दोन दिवस नणंदेकडे राहिले आणि स्वतः केलं. पण सगळ्यांची नणंद दादरला नसते. लोक नऊ हजार देतात.

आणि कोणत्या देशाला काय लागतं याचा एक कागद कुठल्याही सरकारी कार्यालयात भिंतीवर लावलेला मला दिसला नाही. लोक एकमेकांना विचारतात आणि एकाचं दुसऱ्याला लागू पडत नाही. शेजारच्या मोहल्ल्यातल्या मुलीचं लग्न इंग्लंडमध्ये ठरलं. तिथे लग्नासाठी वेगळा व्हिसा घ्यावा लागतो, सात दिवस त्या भागात राहून स्वतः जाऊन नोटीस द्यावी लागते, मग २८ दिवस थांबायचं, आणि परदेशी नागरिकाच्या बाबतीत ते २८ चे ७० होऊ शकतात. त्या लोकांनी २८ धरून हॉल घेतला होता. माझी एक विद्यार्थिनी जर्मनीत आहे. तिने अपॉस्टिल करून सगळे कागद नेले आणि तिथे कळलं, की भारताचं अपॉस्टिल जर्मनी मानत नाही; ते त्यांच्या स्वतःच्या वकिलातीमार्फत कागद तपासून घेतात, आणि पात्रतेच्या दाखल्याऐवजी तिथल्या उच्च प्रादेशिक न्यायालयाच्या अध्यक्षांकडून सूट घ्यावी लागते. आखातातही सारखं नाही. ओमान, बहारीन आणि आता सौदी या करारात आहेत, तर दुबई, कुवेत, कतारसाठी त्या त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का घ्यावा लागतो. हे सगळं एका पानावर बसतं. मी माझ्या हाताने लिहून सेतूत चिकटवायला दिलं होतं, पण परवानगी नाही म्हणून परत मिळालं.

तुम्ही म्हणाल, परदेशातल्या लग्नांत फसवणूक होते, म्हणून अधिकारी जपून सही करतात. होते, आणि ती बहुतेक मुलींची होते. अनिवासी भारतीयांच्या लग्नांबाबत सर्वंकष कायदा करा असं विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात सांगितलं आहे. मी त्या जपून वागण्याच्या विरुद्ध नाही. पण मला १४ फेऱ्या मारायला लावल्याने कोणाची फसवणूक टळली? ज्याला फसवायचं आहे तो एजंटाला नऊ हजार देतो आणि घरी बसतो. खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे. पहिलं लग्न असताना दुसरं केलं तर भारतीय न्याय संहितेच्या ८२ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पहिलं लपवून केलं तर दहा वर्षांपर्यंत. शिक्षा कायद्यात आहेच. जी उणीव आहे ती तपासता येईल अशा नोंदवहीची. नोंदवही नीट असेल तर आखातात बायको असताना गावात दुसरीला मागणी घालणाराही त्यातच सापडेल.

कोणी असंही सुचवतात, की मग १९६९ च्या विदेशी विवाह कायद्याखाली आपल्याच वकिलातीत लग्न लावा. तो रस्ता आहे, पण तिथेही ३० दिवसांची नोटीस आणि त्याआधी एका पक्षाचा ३० दिवस तिथला रहिवास लागतो. बोटीवरच्या मुलाची सुट्टी त्यातच संपते.

म्हणून माझ्या मागण्या लिहिते.

"विवाहाची नोंद नसल्याचा दाखला" ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित करा. दाखला कोण देणार त्याचं पदनाम लिहा, १५ दिवसांची मुदत घाला, आणि नाकारायचा असेल तर कारण लेखी द्या. या कायद्यात अपील आहे, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड आहे. एकदा यादीत नाव आलं की "हे आमच्याकडे नाही" म्हणता येत नाही. ही मागणी माझी सगळ्यात मोठी आहे. बाकीच्या मान्य व्हायला वेळ लागला तरी ही थांबवू नका, कारण हिला पैसा लागत नाही, एक अधिसूचना लागते.

ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि विवाह अधिकारी यांच्या नोंदींची राज्याची एक सूची करा. जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून राष्ट्रीय पातळीवर तसा कायदा आला आहे, तर लग्नाच्या नोंदींना कसली अडचण? जुन्या वह्या संगणकावर चढायला वर्षं लागतील हे मला कळतं. तोवर दाखल्यावर लिहा, की अमुक सालापासून अमुक कार्यालयांच्या नोंदी पाहिल्या. जेवढं बघितलं तेवढंच लिहिलेलं असलं की तो दाखला खरा ठरतो आणि सही करणाराही निर्धास्त राहतो.

दाखल्याचा नमुना मराठी आणि इंग्रजी, एकाच कागदावर दोन्ही. "सांगण्यावरून" आणि "दिसून येते" हे शब्द त्यात नकोत. आईची दोन्ही नावं घालायला जागा ठेवा. मी माझ्या मुलाच्या दुसऱ्या दाखल्याचा मसुदा, नावं झाकून, तुमच्याकडे पाठवायला तयार आहे. तो तिकडे चालला आहे.

राज्याची पडताळणीची सही जिल्ह्याच्या ठिकाणी मिळू द्या, रोज शक्य नसेल तर महिन्यातून ठरलेल्या दोन दिवशी. निदान कागद टपालाने स्वीकारा आणि टपालानेच परत करा.

बोटीवरच्या माणसाला अर्ज तिथून करता यावा. तो जमिनीवर असेल तेव्हाच अर्ज घ्यायचा, तर त्याची सुट्टी कागदांतच जाते. ओळख पटवायला व्हिडिओवर बोला, घरच्या माणसाला अधिकारपत्र द्या, पण अर्ज तो बोटीवर असतानाच सुरू होऊ द्या.

प्रत्येक सेतू केंद्रात आणि तहसील कार्यालयात एक फलक लावा. आपले लोक जास्त जातात त्या देशांची नावं, तिथे काय लागतं, कोणता शिक्का चालतो आणि सरकारी फी किती. वर्षातून एकदा तो तपासून बदला.

आणि खिडकीवर नेमलेल्या माणसांना लेखी सांगा, की जात, धर्म, मुलीचा फोटो, घरच्यांची मर्जी हे विचारायचं नाही.

आमदार-खासदारांना माझं एक वेगळं सांगणं आहे. गणपतीत तुम्ही घरोघरी येता, आमच्याकडेही येता. या वर्षी याल तेव्हा अधिसूचनेचं काय झालं ते मी विचारणार आहे. बोटीवर गेलेल्या मुलाच्या घरी मत द्यायला तो नसतो, पण त्याचे आईबाप असतात.

आमच्या वाडीतल्या त्या मुलाचं, ज्याच्या हातात एका ओळीचं उत्तर आहे, लग्न फिलिपिन्समधल्याच सेबूला ठरलं आहे. त्याच्या सुट्टीचे ५२ दिवस उरले आहेत. माझ्या झेरॉक्स घेऊन आम्ही दोघं सोमवारी पुन्हा तहसीलला जाणार आहोत. त्याचा अर्ज घ्या, त्यावर तारखेची पोच द्या, आणि हा दाखला कोणी द्यायचा ते त्या कार्यालयाला लेखी कळवा.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका